अकराव्या मैलाचा चढ

३ मार्च १९५४, बुधवार. आलापल्ली

पुन्हा अकरावा मैल. पुन्हा तोच चढ. इंजिन आधी अडखळलं, मग दोनदा खोकलं, मग भिवाजीने पाय तळाशी नेला तरी वेग नाही. त्याने दाबायचं आणि मोटारीने विचार करत बसायचं. पाऊण तास सागाखाली उभे. मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू. दीड मैल गेली, परत तेच. चांद्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं होतं, आष्टीची नदीसुद्धा दिसली नाही. परतलो.

भि. म्हणतो, "जोरच नाई भेटून राह्यला बाई इंजनाले."

मी म्हटलं, "इंजिनाचं राहू दे, पेट्रोलचं सांग."

त्याने बॉनेट बंद केलं. बावीस वर्षं दादाचा ड्रायव्हर होता, दादा गेल्यावर मोटारीबरोबर तोही माझ्याकडे आला. दादाने कधी टाकीत काठी बुडवून पाहिली नसणार. मी पाहते. गेल्या महिन्यात दोनदा बोटभर कमी निघालं. तेव्हापासून झाकणावर लाख ओतते. फडक्याची पट्टी, वरून पातळ लाख, तिच्यावर अंगठीचा ठसा. टाकी भरायची तेव्हा मीच फोडते, मीच पुन्हा लावते. तीस वर्षं नागपूरला मेट्रन होते, स्पिरिटच्या बाटल्यांना हेच करत आले, नाहीतर वॉर्डबॉय पिऊन टाकायचे. तिथे लाख विकत आणावी लागे. इथे झाडावरून येते.

पाठ दुखते आहे. झोप येणार नाही.

५ मार्च, शुक्रवार

जुरीला पाहून आले. एटापल्लीच्या वाटेवर चार मैल मोटारीने, पुढे मैलभर पायी. (चार मैलांत मोटार एकदाही अडखळली नाही. लबाड.)

जुरी बावीस-तेवीसची, पहिली खेप, आठवा संपत आला. नवरा लालसू इथल्या डेपोत लाकडांवर हातोड्याचा छाप मारतो, तोच मला बोलवायला आला होता. दोनदा रक्त गेलं. लालभडक, आणि दुखणं अजिबात नाही. दुखत नाही म्हणून घरच्यांना धीर. मला त्याचीच भीती. वार खाली आहे, बाळाच्या वाटेत. आणखी एकदा थोडं जाईल, मग एक दिवस सगळंच जाईल. ही बाई इथे बाळंत होऊ शकत नाही. ऑपरेशन हवं, ते चांद्याला. पंधरा दिवसांत नेलीच पाहिजे, आणि न हिंदकळता, न थांबता.

रक्त गेलं म्हणून तिला गावाबाहेर कुर्माघरात, विटाळशीच्या झोपडीत, ठेवली आहे. मी तोंड सोडणार होते. आत वाकून गेले तर स्वच्छ सारवलेलं, खाटेचं पायथ्याकडचं टोक दगडांवर उचललेलं, आणि म्हातारी सासू दारात बसलेली. कोणी काम सांगत नाही, कोणी हात लावत नाही. लालसूने सांगितलं, "आई म्हन्ते, हिले उठू नाई द्याचं." मी हेच लिहून दिलं असतं. तोंड मिटलं आणि म्हातारीला सुपारी दिली.

जुरीने माझा हात धरला होता.  सोडवून घ्यावा लागला.

६ मार्च, शनिवार

बस पाहिली. लाकडी बाक, खालून उडणारी गिट्टी, टपावर बांबू. या बसमध्ये जुरीला घालायची तर आष्टीपर्यंतही पोचायची नाही.

जंगल खात्याच्या रेंज ऑफिसात गेले, जीप मागितली. बाबूने विचारलं, "पेशंट कोणत्या खात्यातली?" मी म्हटलं, "माणसाच्या." म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, जीप साहेबांबरोबर, परत कधी ते साहेबांना माहीत. अर्ज ठेवा. अर्ज ठेवला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी सुवाच्य अक्षर शिकवलं ते अशा बाबूंच्या पेपरवेटखाली जाण्यासाठी.

म्हणजे मोटारच.

८ मार्च, सोमवार

बल्लारशाहून मोटारीचा उस्ताद आला, कागद मिलच्या ट्रकमधून. साठीचा, एका डोळ्याने अधू, हात मात्र सर्जनचे. बॉनेट उघडलं आणि सलाम ठोकला. "माशाल्ला! ये तो फूँकनीवाली है."

फुंकणी म्हणजे इंजिनाच्या पुढे बसवलेला तो ब्लोअर. हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून ही मोटार चढावर इतरांच्या दुप्पट पळते. पळायची. इंग्रज साहेब विलायतेला जाताना दादाने ती घेतली, याच एका यंत्रासाठी. तेव्हापासून मोटारीला शिंक आली तरी लोक फुंकणीकडे बोट दाखवतात.

उस्तादाने प्लग काढले. दोन काजळलेले, घासले. पॉइंट घासले. कार्बोरेटर उघडून जेट तोंडाने फुंकला. पेट्रोलच्या विजेच्या पंपाला कान लावला, "टकटक ठीक है." मग म्हणाला, टाकी दाखवा, कचरा असेल. मी लाख फोडली. तो हसला, "बाई, खजाना है क्या अंदर?" आत कचरा नाही. मी त्याच्यासमोर झाकण नुसतंच बसवलं, कारण लगेच फिरवून बघायची होती.

तेरा मैल गेलो, तेरा परत. अकरावा मैल लोण्यासारखा. फुंकणी शिटी घालत होती. भि. सुद्धा हसला.

उस्तादाला कोंबडी खाऊ घातली. लालसूला निरोप दिला, गुरुवारी निघायचं, जुरीची तयारी ठेवा.

१० मार्च, बुधवार

काल टाकी काठोकाठ भरली, लाख लावली. आज शेवटची चाचणी, मी, भि. आणि उस्ताद.

नवव्या मैलालाच मेली. पूर्वीपेक्षा आधी, पूर्वीपेक्षा वाईट.

उस्तादाने पंपाला कान लावला, या वेळी बराच वेळ. टकटक मंद पडली होती, थांबत थांबत. पंपावर ओलं फडकं टाकलं, "गर्मी है." ब्लोअरवर ओलं फडकं. अर्ध्या तासाने सुरू झाली तेव्हा म्हणाला, बघा, थंड झाली. दोन मैलांवर पुन्हा थांबली तेव्हा फडकी अजून ओली होती. मग शेवटचा निकाल, "ये फूँकनी निकाल दो बाई. नागपूर भेजो." नागपूरला पाठवा! जुरीला सांगू का, थांब गं, मोटार नागपूरला गेली आहे?

उस्ताद संध्याकाळच्या ट्रकने गेला. मग भि. म्हणाला, "बाई, एक गोष्ट पाह्यली का? टाकी भरली का लवकर थांबते. टाकी उतरली का लंबी जाते."

मी म्हटलं, "पोट भरल्यावर लोळणारी माणसं पाहिली आहेत, मोटार नाही."

"थे लाख एक डाव काढून चालवून पाहू काय?"

मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "आलं ना ओठांवर शेवटी? इतके दिवस वाटच बघत होतास."

 भि.ने मोटारीची किल्ली पायरीवर ठेवली, टोपी घातली आणि फाटकातून गेला. फाटक लावून गेला.

उद्याचं निघणं रद्द. बरं झालं गेला. काय बरं झालं?

११ मार्च, गुरुवार

लालसू सकाळीच आला, पळत. जुरीला पहाटे तिसऱ्यांदा गेलं. दोन फडकी भिजली, मग थांबलं. नाडी मी जाऊन पाहिली, एकशे चार. बाळाचे ठोके ऐकू येतात. म्हातारीने तिच्याभोवती काहीतरी बांधलं आहे, मी विचारलं नाही. तिनेही मला मोटारीचं विचारलं नाही.

लालसूने विचारलं. "बाई, गाडी कई?"

"परवा," म्हटलं. कोणत्या जोरावर म्हटलं देव जाणे. ड्रायव्हर नाही, मोटार अकरावा मैल ओलांडत नाही, जीपचा अर्ज वजनाखाली. पुढचं रक्त आठ दिवसांनी जाईल किंवा आत्ता मी हे लिहीत असताना.

खाटेवरून माणसांनी खांद्यावर न्यायची म्हटली तर सत्तर मैल. चार दिवस. उन्हात. नाही.

१३ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहायचं.

बांबूच्या ठेकेदाराचा एक ट्रक ड्रायव्हर मिळाला, वरंगळकडचा, तेलुगू जास्त आणि मराठी कमी. त्याला भि.चं काही घेणंदेणं नाही, मोटार त्याने आधी पाहिलेली नाही. टाकी मी भरलेली, लाख माझी. निघालो. आठव्या मैलाला अडखळली. नवव्याला थांबली.

म्हणजे भि.च्या पायाचा दोष नव्हता. हे कळायला मला तेलुगू पाय लागला.

त्या माणसाने हात वर केले, "पेट्रोल नाई बाई." मी भडकले. टाकी काठोकाठ मी भरली होती! म्हटलं, थांब, दाखवते. खाली उतरले, दगडाने लाख ठेचली, झाकण फिरवलं.

झाकण निघेना. कोणीतरी आतून ओढून धरावं तसं. जोर केला आणि टाकीने श्वास घेतला. फुस्स करून हवा आत गेली, चांगली लांब, फडक्याची पट्टी पण आत ओढली. आणि पुढे पंप टकटक टकटक करायला लागला. त्याने बटण दाबलं. सुरू.

मी रस्त्यावर उभी होते, झाकण हातात. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक आहे. कंपनीने पाडलेलं. माझ्या लाखेने बुजलेलं.

सलाईनची बाटली. तीस वर्षं. नव्या पोरी बाटली टांगायच्या, नळी लावायच्या आणि हवेची सुई घालायला विसरायच्या. पाच मिनिटं थेंब नीट पडत, मग मंद, मग बंद. त्या नळी पिळायच्या, हातावरची सुई हलवायच्या, पेशंटला दुखवायच्या. मी मागून जाऊन ओरडायची, "बाटलीला श्वास कुठून मिळणार? आधी वर बघ!" तेरेजा नावाच्या पोरीला यासाठी सगळ्या वॉर्डासमोर रडवलं होतं. आज सकाळपर्यंत मला आठवतसुद्धा नव्हती.

भरलेल्या टाकीत मोकळी जागा थोडी, म्हणून लवकर अडायची. उतरलेल्या टाकीत जागा जास्त, म्हणून लांब जायची. उस्तादाच्या पहिल्या दिवशी झाकणाला लाख नव्हती. सगळं समोर होतं.

तरी खात्री करून घेतली. त्या माणसाला वाटलं बाई वेडी झाली. भोकावर लाखेचा गोळा दाबला, पळवली, दहा मैलांत अडखळली. गोळा काढला, पळाली. पुन्हा दाबला, पुन्हा अडखळली. तीनदा. फुंकणीचा काही दोष नाही. कशाचाच काही दोष नाही.

घरी येऊन १० तारखेचं पान वाचलं. भि.ने सांगितलं होतं. दोन वाक्यांत, रोगही आणि इलाजही. खाली माझं उत्तर, सुवाच्य अक्षरात.

तो तेलुगू माणूस उद्या-परवा मोकळा नाही. असता तरी जुरीला घेऊन आष्टीच्या नदीतल्या त्या कच्च्या रपट्यावरून मी त्याला जाऊ दिलं नसतं. खड्ड्यात गेल्यावर ब्रेक लावतो.

१४ मार्च, रविवार

नागेपल्लीला गेले, चालत. भि.च्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. त्याची बायको फुलं पसरत होती, मला पाहून उठली नाही.

"पेट्रोल पाह्यले आल्या काय बाई? त्या मडक्यात पाहा. नाई त थ्या कोंबडीखाली."

मी म्हटलं, "भिवाजी कुठे आहेत?"

भि. आतून आला. मी बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "मोटार माझ्या लाखेने थांबत होती. झाकणाचं भोक बुजलं होतं. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी."

त्याची बायको हातातलं सूप घेऊन तशीच उभी. भि. जमिनीकडे पाहत होता.

"भोक मले माहीत होतं बाई," तो म्हणाला. "पंधरा रोज आधीच वाटलं होतं मले. पण मीच म्हनलं का झाकन उघडा, त तुमाले काय वाटलं असतं?"

"मला जे वाटलं तेच वाटलं असतं."

"हां. म्हनून नाई बोललो. मंग जुरीले न्याचा दिवस आला तवा बोललो."

म्हणजे पंधरा दिवस एक माणूस बरोबर निदान खिशात घेऊन माझ्या शेजारी मोटार चालवत होता. त्यातले पाच दिवस जुरीचे गेले. मला त्याचाही राग आला. खरंच आला, लिहिते. मग कळलं की त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा मूग गिळून बसले असते, आणि तेही कायमची.

म्हटलं, "उद्या पहाटे जुरीला न्यायचं आहे."

"येतो," तो म्हणाला. "तिच्यासाठी येतो." बायकोने सूप खाली आपटलं. "जा! परत आल्यावर अंगाचा वास घेतील तुमच्या."

ते बोटभर पेट्रोल कुठे जात होतं, अजून माहीत नाही. आधीच्या वेळी काठी तिरपी बुडवली असेल मी. की खरंच. विचारायला तोंड उरलेलं नाही.

१५ मार्च, सोमवार. चांदा, इस्पितळाचा व्हरांडा

पेन्सिलीने लिहिते आहे. गुडघ्यावर.

उजाडता निघालो. जुरीला खाटेसकट रस्त्यापर्यंत आणली, चार जणांनी. म्हातारी मोटारीपर्यंत आली, टायरवर हात ठेवला, काही पुटपुटली. टाकी अर्धी, झाकण भि.ने माझ्यासमोर लावलं, भोकातून काडी फिरवून मला दाखवली. मी पाहिलं नाही. त्याने पुन्हा दाखवली. मग पाहिली.

जुरी मागे आडवी, पाय उशांवर. मी खाली फळीवर बसून, एक हात तिच्या पोटावर. लालसू पुढे, खिडकीबाहेर तोंड काढून, जणू मोटार तोच ओढतोय.

नववा मैल. दहावा.  अकराव्याचा चढ आला तेव्हा भि.ने गिअर बदलला आणि फुंकणीची शिटी चढत गेली, चढत गेली, आणि आम्ही वर होतो. लालसू ओरडला, "गेली!" भि. म्हणाला, "गप रे, अजून साठ मैल हाये."

आष्टीला नदी रपट्यावरून ओलांडली, चालण्याच्या वेगाने. तरी मधल्या एका धक्क्याला जुरीने डोळे उघडले. हाताखाली गरम लागलं. मी म्हटलं, "भिवाजी, आता थांबायचं नाही. हळूही नाही."

"कितीक?"

"बरंच."

पुढचे मैल मला नीट आठवत नाहीत. फडकं दाबून धरलेलं, तिची नाडी, धूळ. एवढं आठवतं की गोंडपिपरीच्या पुढे एका उतारानंतर इंजिन एकदा अडखळलं. एकदाच.  भि.ने मागे न बघता सांगितलं, "थे नाई बाई. हे दुसरं." "दुसरं काय?" "माहीत नाई. पन थे नाई." आणि मोटार चालू राहिली. दुसरं काय होतं ते त्यालाही कळलेलं नाही, मलाही.

साडेदहाला फाटकात. डॉक्टर तरुण आहेत, मी निदान सांगितलं तर म्हणाले, "तपासल्याशिवाय कसं—" मी म्हटलं, "आतून तपासाल तर टेबलावरच जाईल. आधी पोट उघडायची तयारी करा, मग माझी पदवी विचारा." ओठ आवळले, पण तयारी केली. नाडी एकशे चाळीस. बाळाचे ठोके लागले, मंद. लालसूला रक्त जुळतं का बघायला आत नेलं.

डॉक्टर जाताना म्हणाले, "एक तास आधी आला असता तर बरं झालं असतं." एक तास. पाच दिवस मी घालवले. भि.ने हे ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल उपकार.

बारा वाजून दहा. व्हरांड्यात आम्ही दोघंच. भि.ने मागची सीट धुतली, बादली परत दिली, येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. किल्ली आमच्यामध्ये ठेवली.

मी म्हटलं, "परत जाताना?"

"जुरी कशी येते थे पाहू," तो म्हणाला. "मंग पाहू."

बारा वीस. आतून रडणं नाही. भांड्यांचा आवाज येतो, मला प्रत्येक भांडं ओळखू येतं, तेच नको आहे. लालसू बाहेर आलेला नाही, म्हणजे रक्त जुळलं असेल. किंवा.

बारा पंचवीस. ऑपरेशनच्या खोलीची कडी वाजली. भि. उभा राहिला. मी—